कॉलेजमध्ये लैंगिक छळ झाला तर: आयसीसी, तक्रार आणि चौकशीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुली विचारतात, मुलं विचारतात, पालक विचारतात आणि ज्यांचं नाव अचानक समितीवर लागलंय असे मॅडम-सरही विचारतात. सगळं भारतातल्या कॉलेज-विद्यापीठांपुरतं आहे. कायद्याची भाषा जमेल तिथे सोपी केलीये, पण मुदती आणि दिवस जसेच्या तसे ठेवलेत कारण केस बऱ्याचदा तिथेच अडकते.

आयसीसी म्हणजे काय? आमच्या बोर्डावर ‘विशाखा समिती’ लिहिलंय, ती वेगळी का?

आयसीसी म्हणजे अंतर्गत तक्रार समिती, लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी. दोन्ही एकच समजा. राजस्थानात सरकारी योजनेत गावपातळीवर काम करणाऱ्या एका साथिनने बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, त्याच्या रागातून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, मग महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. तेव्हापासून लोकांच्या तोंडी विशाखा समितीच बसलंय. पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आला, ज्याला सगळे पॉश म्हणतात, तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. उच्च शिक्षणासाठी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, वेगळे नियम केले, २०१५ चे विनियम, जे मे २०१६ मध्ये राजपत्रात आले. बोर्डावर नाव काहीही असू दे, समिती या नियमांप्रमाणे बनलीये का ते बघा.

पण तो कायदा तर नोकरी करणाऱ्या बायकांसाठी आहे ना?

नाही. पॉशमध्ये पीडित महिला म्हणजे कोणत्याही वयाची, तिथे नोकरीला असो वा नसो. आणि यूजीसीच्या नियमांच्या नावातच कर्मचारी आणि विद्यार्थिनी दोन्ही आहेत. ‘तू स्टाफ नाहीस, तुला लागू नाही’ असं कुणी सांगितलं तर सरळ चूक आहे.

हात लावला तरच छळ का? नुसतं बोलण्याने काय होतं?

बोलणं, बघणं, मेसेज, इशारे, सगळं येतं. नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, पॉर्न दाखवणं हे तर आहेच. त्यापलीकडे नियमांत जे आहे ते कॉलेजमध्ये जास्त घडतं, ते म्हणजे हातात असलेल्या सत्तेचा वापर. ‘इंटर्नलचं बघतो मी, तू फक्त संध्याकाळी केबिनला ये’ हे वाक्य वरवर साधं दिसतं, त्यात एकही अश्लील शब्द नाही, पण मागणी आणि आमिष दोन्ही आहे. आणि याउलट नाही म्हटल्यावर सबमिशनवर सही अडवणं, व्हायवात मुद्दाम पाडणं, वर्गात सगळ्यांसमोर टोमणे मारणं, हेही त्याच व्याख्येत बसतं. शिकणं मुश्किल होईल असं वातावरण तयार करणं हाच छळाचा एक प्रकार धरलाय.

समोरच्याचा हेतू काय होता यावर फार लोक अडून बसतात, ‘सर मुलीसारखं मानतात गं’ वगैरे. समितीने आधी बघायचं असतं की ज्या व्यक्तीशी असं वागलं गेलं तिला ते नको होतं का.

कॉलेजच्या गेटबाहेर घडलं, ट्रिपला घडलं, मग?

तरी चालतं. यूजीसीच्या नियमांत कॅम्पसची व्याख्या खूप मोठी आहे, त्यात स्टडी टूर, फिल्ड व्हिजिट, इंटर्नशिप, कॅम्प, फेस्टिव्हल, स्पोर्ट्स मीट, कॉलेजची बस हे सगळं आहे. तुम्ही तिथे विद्यार्थी किंवा कर्मचारी म्हणून होता का, एवढाच मुद्दा. एनएसएसच्या शिबिरात रात्री जे घडलं ते कॉलेजचंच प्रकरण आहे.

व्हॉट्सअप आणि इन्स्टावरच्या मेसेजबद्दलही विचारतात. पाठवणारा कॉलेजचा आणि ज्याला पाठवलं तो कॉलेजचा, आणि त्याचा परिणाम वर्गात, लॅबमध्ये, हॉस्टेलवर होतोय, तर समितीकडे न्या. ‘पर्सनल नंबरवरून होतं’ म्हणून हात झटकू देऊ नका.

समितीत कोण कोण असायला हवं?

इथे जरा थांबून नीट वाचा, कारण अर्ध्या समित्या इथेच नापास होतात.

अध्यक्ष महिलाच हवी आणि सीनियर हवी, विद्यापीठात प्रोफेसर दर्जाची, कॉलेजात असोसिएट प्रोफेसर दर्जाची. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी. प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा तिन्ही पातळ्यांवरचे, आणि ते पारदर्शक पद्धतीने निवडून आलेले हवेत, प्रिन्सिपलच्या मर्जीतले सीआर (वर्गप्रतिनिधी) उचलून बसवलेले नाहीत. शिवाय बाहेरची एक व्यक्ती, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका. मुदत तीन वर्षं.

आणि कोण नसायला हवं हे त्याहून महत्त्वाचं. कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, डीन, विभागप्रमुख, ही मंडळी समितीत बसूच शकत नाहीत. नियमात स्पष्ट लिहिलंय, समिती स्वायत्त राहावी म्हणून. तरी अनेक ठिकाणी नोटीस बोर्डावरचा कागद पाहिला की पहिलंच नाव प्राचार्यांचं असतं, बाहेरच्या सदस्याच्या जागी संस्थेच्याच वकिलांचं नाव, एक मॅडम दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या आणि खाली दिलेला फोन नंबर लागतच नाही. तो कागद आत्ताच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, काही घडलं नसेल तरी. समितीची रचनाच चुकीची असेल तर पुढे सगळी चौकशी कोर्टात उडू शकते आणि त्याचा फटका तक्रार करणारीलाच बसतो.

तक्रार किती दिवसांत करायची?

घटनेपासून तीन महिन्यांत. एकापेक्षा जास्त घटना असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. काही कारणाने जमलं नाही तर समिती कारण लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. त्यापुढे नाही.

हे मला सगळ्यात जास्त टोचतं. मुली परीक्षा होईपर्यंत थांबतात, रिझल्ट लागेपर्यंत थांबतात, तोच सर शिकवायला नसेल त्या सेमिस्टरपर्यंत थांबतात, आणि थांबण्याचं कारण अगदी समजण्यासारखं असतं, पण घड्याळ चालू असतं. सुप्रीम कोर्टात सप्टेंबर २०२५ मध्ये एका राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धचं प्रकरण असंच संपलं. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची धरली गेली, तक्रार डिसेंबर २०२३ मध्ये झाली, सहा महिने उलटून गेलेले, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. तक्रारदार स्वतः त्याच विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिका होत्या. कोर्टाने तो निकाल त्या कुलगुरूंच्या बायोडेटात कायम नमूद करायला सांगितला, ही वेगळी गोष्ट, पण आरोप खरे की खोटे याची चौकशी काही झाली नाही.

त्यामुळे अजून ठरत नसेल तरी एक साधी तारीखवार नोंद लिहायला लागा, आणि तीन महिने भरायच्या आत निदान छोटी तक्रार तरी देऊन ठेवा. तपशील नंतर जोडता येतात. उशीर झालाच असेल तर तक्रारीतच उशिराचं कारण लिहा, धमकी, आजारपण, परीक्षेची भीती, जे असेल ते.

तक्रारीत लिहायचं काय?

साध्या मराठीत लिहा, इंग्रजीत लिहायची काही गरज नाही. वकिली भाषा तर नकोच.

फरक दाखवते. ‘सर माझ्याशी नेहमी वाईट वागतात, मला खूप त्रास होतो, कृपया कारवाई व्हावी’ असं लिहिलं तर समिती चौकशी तरी कशाची करणार? त्याऐवजी असं लिहा: ‘दिनांक अमुक, दुपारी साधारण तीन वाजता, केमिस्ट्रीच्या दुसऱ्या लॅबमध्ये मी एकटी जर्नल तपासून घ्यायला गेले होते. सरांनी जर्नल बाजूला ठेवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि असं म्हणाले. मी हात बाजूला केला. बाहेर पडले तेव्हा कॉरिडॉरमध्ये माझी मैत्रीण होती, तिला मी लगेच सांगितलं.’ बोललेले शब्द आठवतात तसेच लिहा, घाणेरडे असले तरी. लाज वाटते म्हणून ‘अपशब्द वापरले’ असं गुळमुळीत लिहिलं की धार जाते.

देताना एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्या. ऑफिसमधले ‘ठेवून जा, मॅडमना देतो’ म्हणाले तर ऐकू नका, ईमेलनेपण पाठवा म्हणजे पोच राहते. मुदती मोजायला हीच तारीख लागते. लिहिता येत नसेल, हिंमत होत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीच्या अध्यक्षांचं आणि सदस्यांचं कर्तव्य आहे.

निनावी तक्रार चालते का?

पूर्ण चौकशी होणं अवघड आहे, कारण समोरच्याला उत्तर द्यायची संधी द्यावी लागते आणि नाव-तपशिलाशिवाय ती देता येत नाही. पण समिती जागरूक असेल तर निनावी चिठ्ठीवरूनही त्या डिपार्टमेंटमध्ये बोलणं सुरू करू शकते, एकाच माणसाबद्दल दोन-चार चिठ्ठ्या आल्या तर कान टवकारायलाच हवेत.

माझ्या वतीने दुसरं कोणी तक्रार देऊ शकतं का?

ती व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या तक्रार करायच्या स्थितीत नसेल, किंवा हयात नसेल, तर नातेवाईक, मित्रमैत्रिणी, सहकारी, मानसोपचार करणारे, कुणीही देऊ शकतं.

बंद खोलीत घडलं, साक्षीदार नाही. पुरावा कुठून आणू?

असल्या गोष्टी चौकात घडत नाहीत, समितीलाही ते माहीत असतं, निदान असायला हवं. इथे फौजदारी कोर्टासारखं ‘कुठलीही वाजवी शंका उरता कामा नये’ इतकं कडक माप नसतं, खातेनिहाय चौकशीसारखं असतं, म्हणजे सगळं मिळून बघता कुणाचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त वाटते.

तुमचा स्वतःचा जबाब हाही पुरावाच आहे. त्याला जोड देणाऱ्या गोष्टी गोळा करा: लगेच नंतर मैत्रिणीला केलेला मेसेज, आईला केलेला फोन, त्या दिवसापासून लॅबला जाणं बंद केल्याचं हजेरीपत्रक, अचानक पडलेले मार्क. चॅट डिलीट करू नका, समोरच्याला ब्लॉक करायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या ज्यात नंबर आणि तारीख दिसेल, आणि मूळ फोन फॉरमॅट करू नका. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे ते जपून ठेवा अशी मागणी पहिल्याच अर्जात लिहा. कागदपत्रं मागवायचे आणि साक्षीला बोलवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार समितीला आहेत, पण मागितल्याशिवाय कुणी हलत नाही.

तक्रार दिल्यावर नक्की काय काय होतं?

सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला जाते. त्याने दहा दिवसांत कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या यादीसकट उत्तर द्यायचं. मग दोघांचे आणि साक्षीदारांचे जबाब. तक्रार मिळाल्यापासून ९० दिवसांत चौकशी संपली पाहिजे, संपल्यावर दहा दिवसांत अहवाल वर जातो आणि अपील नसेल तर अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत कॉलेज-विद्यापीठाने त्यावर कारवाई करायची. दोन्ही बाजूंना अहवालाची प्रत मिळते.

पॉशच्या नियमांप्रमाणे सुनावणीला अध्यक्ष धरून निदान तीन सदस्य हजर लागतात आणि दोन्हीपैकी कुणालाही वकील आणता येत नाही. तुम्हाला त्याच्या समोरासमोर बसायची भीती वाटत असेल तर आधीच लेखी सांगा. वेगवेगळ्या वेळी बोलवणं, मध्ये पडदा ठेवणं, त्याचे प्रश्न लिहून घेऊन समितीने विचारणं, हे करता येतं आणि चांगल्या समित्या करतात. ‘तू त्या दिवशी काय घातलं होतंस’, ‘तुला बॉयफ्रेंड आहे का’ असले प्रश्न आले तर उत्तर द्यायची गरज नाही, हा प्रश्न माझ्या जबाबात नोंदवा म्हणून सांगा.

चौकशी चालू असताना तोच सर माझा पेपर तपासणार. मग काय उपयोग?

यासाठी अंतरिम दिलासा, म्हणजे चौकशी संपेपर्यंतची तात्पुरती सोय, असतो आणि तो मागायलाच हवा, लेखी. समिती शिफारस करू शकते की त्या व्यक्तीने तुमचं मूल्यमापन करू नये, परीक्षा घेऊ नये, तुमच्यापासून लांब राहावं, थेट धोका असेल तर कॅम्पसमध्येच येऊ नये. तुम्हाला किंवा त्याला दुसऱ्या विभागात हलवता येतं. तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, हजेरीत सूट मिळते, गाईड बदलून मिळतो. हे कुणाचे उपकार नाहीत, यूजीसीच्या नियमांत लिहिलेलं आहे.

एक मात्र बघितलंय की ‘तुझ्या सोयीसाठी’ म्हणून मुलीचीच बॅच बदलतात, मुलीलाच घरी बसायला सांगतात आणि सर रुबाबात शिकवत राहतात. हलायचं असेल तर त्याला हलवा, असं मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जुलै २०२५ मध्ये ओडिशातल्या बालासोरमधल्या एका कॉलेजच्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती, ती दाद मागत राहिली आणि शेवटी तिचा जीव गेला. तक्रारीनंतरचे आठवडे सगळ्यात जड असतात. समितीचं पहिलं काम त्या आठवड्यांत तिला एकटी पडू न देणं हे आहे, अहवालाचं टायपिंग नंतर.

‘मिटवून टाका, कॉलेजचं नाव खराब होईल’ असं सांगतायत.

समेट हा पर्याय नियमात आहे, पण तो फक्त तक्रारदाराने मागितला तरच. समितीने, विभागप्रमुखांनी किंवा संस्थेच्या अध्यक्षांनी सुचवायचा नसतो. आणि पैसे देऊन समेट तर अजिबात नाही. आईवडिलांना परस्पर फोन करून ‘मुलीचं लग्न व्हायचंय अजून’ वगैरे सांगितलं गेलं तर तोही दबावच, तारीख घालून लिहून ठेवा.

पोलिसात जाऊ की समितीकडे?

दोन्हीकडे जाता येतं, एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. समिती नोकरी आणि शिक्षणाच्या पातळीवरची कारवाई करते, जेल फक्त कोर्टच देऊ शकतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात लैंगिक छळ कलम ७५ मध्ये, चोरून बघणं-शूट करणं ७७ मध्ये, पाठलाग ७८ मध्ये. एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवू शकत नाहीत. पोलिसांत जायचं ठरवलं तर मदत करणं ही कॉलेजची जबाबदारी आहे.

बलात्कार किंवा मारहाणीसारखं गंभीर काही असेल तर आधी दवाखाना आणि पोलीस, समिती नंतर. ११२ लावा, महिला हेल्पलाइन १८१ आहे. बलात्कार झाला असेल तर उपचार मोफत मिळाले पाहिजेत, सरकारी असो की खासगी हॉस्पिटल, आणि एफआयआर आणा मग बघतो असं म्हणता येत नाही.

ज्युनियर कॉलेजची मुलगी आहे, १७ वर्षांची.

मग पॉक्सो, लहान मुलामुलींवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा. अकरावी-बारावी बऱ्याचदा सीनियर कॉलेजच्याच बिल्डिंगमध्ये असते त्यामुळे सगळे आयसीसीकडे बोट दाखवतात, पण १८ खालच्या मुलामुलीबाबत असा गुन्हा झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे, प्राचार्यांसाठीसुद्धा. ‘आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ दे’ हे इथे चालत नाही.

मी मुलगा आहे. मला त्रास होतोय, सीनियर्सकडून. माझी तक्रार घेतील का?

पॉश कायदा महिलांसाठी आहे, पण यूजीसीच्या नियमांत संस्थांवर सगळ्या लिंगांच्या विद्यार्थी-कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध कारवाईची जबाबदारी टाकलीये, मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही बळी पडतात असं त्यात म्हटलंय. तेव्हा द्या तक्रार. हॉस्टेलमधला प्रकार असेल तर रॅगिंगविरोधी समितीकडेही द्या, एकाच वेळी. त्रास देणारी व्यक्ती त्याच लिंगाची असली तरी अडत नाही, कोलकाता हायकोर्टाने २०२० मध्ये एका कॉलेजच्याच प्रकरणात बाईने बाईविरुद्ध केलेली पॉश तक्रार चालते असं म्हटलंय.

माझ्यावरच तक्रार झालीये आणि मी काही केलेलं नाही.

तुम्हालाही पूर्ण संधी मिळाली पाहिजे. तक्रारीची प्रत, कागदपत्रं, उत्तराला वेळ, तुमचे साक्षीदार, साक्षींना प्रश्न विचारायची संधी, हे सगळं. आणि हे नीट झालं नाही तर फक्त तुमचंच नुकसान होतं असं नाही. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखावर २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या, समितीने शेवटी शेवटी सुनावण्या इतक्या घाईने उरकल्या, त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही, की १२ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने बडतर्फी रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. चौदा वर्षं. तक्रार केलेल्या मुलींना काय वाटलं असेल? नैसर्गिक न्याय पाळणं ही आरोपीवरची मेहेरबानी नसते, अहवाल टिकवायचा असेल तर दुसरा रस्ताच नाही, समितीवर बसणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

बाकी तुम्ही दोन गोष्टी करू नका: तिला किंवा तिच्या मैत्रिणींना मेसेज करू नका आणि ग्रुपवर तिचं नाव टाकू नका. निर्दोष असलात तरी यात अडकाल.

सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच खोट्या तक्रारीची कारवाई होईल?

नाही. सिद्ध न होणं आणि खोटी असणं वेगळं. माहीत असून खोटं बोललात, बनावट कागद दिलेत आणि ते समितीच्या चौकशीत दिसलं तरच कारवाई होते. पुरावा कमी पडला एवढ्यावरून काही करता येत नाही, नियमात तसं लिहिलंय. ही भीती मुद्दाम घातली जाते, पहिल्याच भेटीत.

शिक्षा काय होते?

कर्मचारी असेल तर सेवा नियमांप्रमाणे, अगदी बडतर्फीपर्यंत. विद्यार्थी असेल तर हॉस्टेल, लायब्ररी, स्कॉलरशिप अशा सवलती काढणं, ठराविक काळ कॅम्पसबंदी, नाव काढून टाकणं, किंवा सक्तीचं समुपदेशन, समाजसेवा. नुकसानभरपाईही मिळते.

निर्णय पटला नाही तर?

शिफारशींच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील, कार्यकारी प्राधिकरणाकडे, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या सर्वोच्च प्राधिकरणाकडे, दोन्ही बाजूंना. त्यांनी समितीचं ऐकायचं नाही ठरवलं तर कारणं लेखी द्यावी लागतात. पुढे हायकोर्ट आहेच.

पीएचडीचा गाईडच असेल तर? माझी पाच वर्षं त्याच्या हातात आहेत.

सगळ्यात अवघड प्रकार हा. संशोधक विद्यार्थी विशेष असुरक्षित असतात हे यूजीसीनेही मान्य केलंय आणि मार्गदर्शकांसाठी आचारसंहिता असायला हवी असं सांगितलंय. प्रत्यक्षात गाईड म्हणजे सही, फेलोशिपचं बिल, पेपरमधलं नाव, व्हायवाला कोण परीक्षक येणार हे सगळं, आणि त्या विषयातले लोक इनमीन पंधरा-वीस, सगळे एकमेकांचे दोस्त. म्हणून तक्रारीसोबतच गाईड बदलून मागा, आतापर्यंतच्या कामाची, डेटाची, ड्राफ्टची कॉपी आधी स्वतःकडे घ्या आणि प्रगती अहवाल कुठपर्यंत मंजूर झालेत ते कागद जपा.

प्राचार्यच किंवा संस्थाचालकच आरोपी असतील तर?

मग आयसीसीवर विसंबून राहू नका. तक्रार मालकाविरुद्ध असेल किंवा दहापेक्षा कमी कर्मचारी असलेली जागा असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिकडे द्या. अशा तक्रारींसाठी केंद्र सरकारचं शी-बॉक्स नावाचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथेही देता येते.

कॉलेजमध्ये समितीच नाहीये.

पॉशखाली समिती न नेमल्यास ५० हजारांपर्यंत दंड आहे, आणि नियम न पाळणाऱ्या संस्थेचं अनुदान यूजीसी थांबवू शकते, मान्यतेच्या यादीतून नावही काढू शकते. विद्यापीठाला आणि यूजीसीला लेखी कळवा. सरकारी किंवा अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकारात समितीच्या नेमणुकीचा आदेश आणि बैठकांची संख्या मागा, अर्ज गेल्या गेल्या बऱ्याच ठिकाणी समिती नेमली जाते.

आमच्या कॉलेजमध्ये पाच वर्षांत एकही तक्रार नाही. म्हणजे आम्ही सुरक्षितच ना?

हा प्रश्न प्राचार्य अभिमानाने विचारतात आणि मला तोच आकडा बघून काळजी वाटते. हजारो मुलं, शेकडो स्टाफ आणि पाच वर्षांत एकालाही कधी काही झालं नाही? जास्त शक्यता ही की कुणाला कुठे जायचं माहीत नाही किंवा गेलं तर काय होतं हे चांगलंच माहीत आहे.

खरं मोजायचं असेल तर वेगळं मोजावं लागतं. यूजीसीच्या नियमांप्रमाणे वर्षाला तक्रारी आणि निपटाऱ्याचा अहवाल तर द्यायचाच असतो, शिवाय दर सहा महिन्यांनी धोरणाचा आढावाही घ्यायचा असतो, तो घेताना कोणी दिसत नाही. नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) जेंडर सेन्सिटायझेशनचा बॅनर लावून फोटो काढणं म्हणजे आढावा नव्हे. नाव न विचारता, फोनवर भरता येईल असा साधा सर्व्हे घ्या: समितीतल्या एका तरी सदस्याचं नाव माहीत आहे का, गेल्या वर्षभरात असं काही सोसलं का, कुणाला सांगितलं, नाही सांगितलं तर का, कॅम्पसवरची कुठली जागा टाळता. कुठला जिना, कुठली लॅब, कुठल्या सरांची केबिन, ते मुलींना पाठ असतं. विभागवार उत्तरं वेगळी काढा, पण दोन-चारच मुली असलेल्या विभागाची नाही, कुणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं. आणि निकाल मुलांना सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी भरणार नाही.

चांगल्या सर्व्हेनंतर, चांगल्या प्रशिक्षणानंतर तक्रारी वाढतात. त्याने घाबरू नका. आधी दबून होतं ते बाहेर येतंय.

सुरक्षेसाठी मुलींच्या हॉस्टेलचं गेट सातला बंद करतात, ते बरोबर का?

नाही. सुरक्षेचं कारण सांगून मुलींवर मुलांपेक्षा वेगळे नियम लादू नयेत असं यूजीसीच्याच नियमांत आहे. दिवे लावा, बस चालू ठेवा, गार्ड नेमा, त्यात बायकाही असू द्या.

मैत्रिणीने मला सांगितलंय आणि कुणाला सांगू नको म्हणाली. मी काय करू?

तिचं ऐका. ‘मग तू ओरडली का नाहीस’ विचारू नका. तिने सांगितलेलं त्याच दिवशी, तारीख-वेळ घालून स्वतःपुरतं लिहून ठेवा, पुढे तिने तक्रार केली तर तुमचा जबाब लागेल. ग्रुपवर टाकू नका, तिच्या घरी सांगू नका, त्या मुलाला जाऊन मारू नका. तीन महिन्यांची मुदत तिला एकदा नीट समजावून सांगा, मग ठरवायचं तिच्यावर सोडा. ती १८ च्या आतली असेल किंवा तिच्या जिवाला धोका वाटत असेल तर मात्र गप्प राहू नका, विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच गाठा, आणि हे सांगावं लागणार आहे हे तिलाही आधी सांगा. समितीकडे जायचं ठरलंच तर सोबत जा, बाहेरच्या बाकावर बसा, आत किती वेळ लागेल सांगता येत नाही म्हणून पाण्याची बाटली आणि फोनचा चार्जर घेऊन जा.